जुना फोन सुरू होत नाही? रिसेट मारण्याआधी एवढं बघा

“भाऊ, फोन डेड झालाय.” नाशिकच्या पंचवटी कारंजाजवळच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर दिवसातून दोन-तीनदा तरी हे वाक्य ऐकू येतं. फोन बहुतेक वेळा पाच-सहा वर्षं वापरलेला असतो. मी तो हातात घ्यायच्या आधी विचारतो, डेड म्हणजे नेमकं काय होतंय? चालू न होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. तुमचा फोन यातल्या कशात बसतो ते आधी बघा.

– बटण दाबलं, चार्जरला लावलं, तरी काहीच नाही. बॅटरीचं चित्र नाही, थरथर नाही.
– चार्जिंगचं चित्र येतं, टक्केही वाढतात, पण चालू करायला गेलं की लोगो दिसून बंद.
– लोगो येतो आणि तिथेच अडकतो. किंवा लोगो, बंद, लोगो, बंद असं चक्र चालू राहतं.
– चालू होतो, पण दोन-पाच मिनिटांत आपोआप बंद. किंवा ३० टक्के दाखवत असताना खटकन विझतो.
– स्क्रीन काळी, पण रिंग वाजते, अलार्म वाजतो.

चौदा वर्षं हेच काम करतोय. फोन बिघडल्यामुळे लोकांचे फोटो, मेसेज, हिशेब जितके गेले, त्याहून जास्त घाईमुळे गेले. कुणीतरी सांगतं “रिसेट मार, होईल चालू”, आणि पाच मिनिटांत सहा वर्षांचं सगळं पुसलं जातं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी फुकटातलं, मग शे-पाचशेचं, आणि पुसण्याचा उपाय सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी फोन सपाट टेबलावर ठेवा

पाठ वर करून ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. फोन डुगडुगतोय का? स्क्रीन एका बाजूने फ्रेममधून उचललेली दिसते का? मागचं झाकण फाकलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे आणि तुमची तपासणी इथेच संपली. चार्जरला लावू नका, दाबून बसवू नका, टोचून “हवा काढायचा” तर विचारही करू नका. आत साठलेला वायू पेट घेणारा असतो, आणि आतले थर एकमेकांना टेकले की जागेवर आग लागते. फोन बंद असेल तसाच राहू द्या, उशी-गादीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा आणि दुकानात घेऊन या. निघालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटू शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

मग कव्हर, सिम आणि मेमरी कार्ड काढा

हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात, पण जुन्या फोनचं कव्हर सैल पडून किंवा आकसून पॉवरच्या बटणावर सतत दाब देतं. बटण दाबलेलंच राहिलं तर फोन लोगोपर्यंत येतो आणि पुन्हा बंद होतो, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही बटण धरूनच ठेवलेलं असतं. कव्हर काढून बटण नखाने चारही बाजूंनी हलवून बघा. ‘टक’ असा आवाज येऊन ते वर यायला हवं. आत रुतून बसत असेल तर दोष तिथेच आहे, आणि बटणाखालची पट्टी बदलणं हे अगदी स्वस्तातलं काम आहे.

आवाजाच्या बटणाचंही तसंच. फोन प्रत्येक वेळी ‘फास्टबूट’ असं लिहिलेल्या पडद्यावरच जात असेल, तर फार वेळा आवाज कमी करायचं बटण आत दबलेलं असतं. अशा फोनवर कुणी सॉफ्टवेअर मारून, म्हणजे नव्याने टाकून, द्यायला निघालं तर आधी बटण बघायला सांगा.

मेमरी कार्ड काढायचं कारण वेगळं आहे. खराब झालेलं कार्ड वाचता वाचता फोन सुरुवातीलाच अडकून बसतो. कार्ड काढल्यावर फोन चालू झाला, तर ते कार्ड पुन्हा त्यात घालू नका. कार्ड रीडरमधून कॉम्प्युटरला लावून त्यातलं निघतंय तेवढं आधी काढून घ्या.

फोन खरंच बंद आहे का?

दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला कॉल करा. सिम काढलं असेल तर आता परत घाला. रिंग वाजली किंवा थरथरला, तर फोन जिवंत आहे आणि फक्त स्क्रीन गेली आहे. घरात वायफाय असेल तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. दोन टिका आल्या म्हणजे फोन आत काम करतोय; फक्त त्या खात्याला कॉम्प्युटर वगैरे जोडलेला नको, नाहीतर टिका तिकडच्या असतील. एलसीडी स्क्रीन असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरून काचेवर बघा. आतलं चित्र पुसट दिसलं तर मागचा प्रकाश गेला आहे.

स्क्रीन गेलेल्या फोनमधला डेटा काढणं तुलनेने सोपं असतं. दुकानात आम्ही दुसरी स्क्रीन न चिकटवता नुसती जोडून बघतो. पिन टाकला की फोन उघडतो आणि सगळं बाहेर काढता येतं. स्क्रीन कायमची बदलायची की नाही ते नंतर ठरवा.

जबरदस्तीने रिस्टार्ट

पॉवरचं बटण सलग ३० सेकंद धरा. काही झालं नाही तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र १५-२० सेकंद धरा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्यांमध्ये आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. आयफोन ७ मध्ये आवाज कमी करायचं आणि पॉवर एकत्र, त्याआधीच्यांमध्ये होम आणि पॉवर एकत्र.

यात डेटाला काहीही होत नाही. पूर्वी बॅटरी काढून घालायचो, तेच हे. आत एखादी प्रक्रिया गोठलेली असेल तर फोन बंद असल्यासारखा दिसतो, आणि एवढ्यानेच उठतो. कॉम्बिनेशन धरताना ‘फास्टबूट’ किंवा ‘रिकव्हरी’ असा काळा पडदा आला तर कुठलाही पर्याय निवडू नका. पॉवर पुन्हा १५ सेकंद धरली की तो पडदा जातो.

चार्जर, केबल आणि चार्जिंगचं भोक

इथे सावकाश जा. “डेड” म्हणून आलेल्या फोनपैकी कितीतरी मी इथेच परत दिले आहेत.

केबल बदला, ॲडॉप्टर बदला, प्लगपॉइंट बदला. तिन्ही एकेक करून बदला, म्हणजे दोष नेमका कुणाचा ते कळेल. लॅपटॉपवर लावून “चार्ज होत नाही” असं ठरवू नका. पूर्ण उतरलेल्या जुन्या बॅटरीला भिंतीवरचा नीट ॲडॉप्टर हवा.

मग टॉर्चच्या उजेडात पोर्टच्या आत बघा. मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला होता. टाइप-सीची पिन आत जायची, पण शेवटचा एक मिलिमीटर बाहेर राहायचा. भिंगाखाली धरला तर तळाशी राखाडी थर, पर्समधल्या आणि कपड्यांच्या धाग्यांचा, वर्षानुवर्षं पिनने ठोकून ठोकून समईच्या वातीसारखा घट्ट झालेला. लाकडी टूथपिक चपटी तासून कडेकडेने फिरवली, तर तो थर एका तुकड्यात बाहेर आला आणि त्याच्या खालच्या बाजूला पोर्टचा ठसा उमटलेला होता. पिन ‘खट’ करून बसली, आणि चाळीस मिनिटांनी फोन चालू झाला.

टूथपिक लाकडाचीच घ्या. टाचणी, सुई, केसातली पिन नको. धातू आतल्या दोन टोकांना टेकला तर शॉर्ट होतं, आणि टाइप-सीच्या मधली पातळ जीभ मोडली तर पोर्टच बदलावं लागतं. फोन बंद आणि चार्जर काढलेला असतानाच हे करा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. लोखंडाचा बारीक कीस स्पीकरच्या चुंबकाकडे ओढला जातो आणि शेजारच्या पोर्टमध्ये उतरतो. तो टूथपिकने निघत नाही, उलट पसरतो. पोर्टमध्ये चमकणारे काळे कण दिसले तर चार्जर लावू नका, दुकानात साफ करून घ्या. द्राक्षबागेत फवारणी करताना खिशात राहिलेल्या फोनचंही तसंच. औषधाचं पाणी पोर्टमध्ये वाळतं आणि पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. आम्ही त्याला कार्बन म्हणतो.

एक तास वाट बघा, खरंच एक तास

लिथियम बॅटरी भरलेली असताना साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट असते. साडेतीन व्होल्टच्याही खाली घसरली की फोन स्वतःला बंद करतो. कपाटात दोन-चार महिने पडून राहिली तर त्याहूनही खाली जाते आणि बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट तिला तोडून टाकतं. अशा बॅटरीला फोन मुद्दाम थेंबाथेंबाने करंट देतो, कारण एकदम भरली तर धोका असतो. त्या वेळात स्क्रीनवर काहीही दिसत नाही. लोक दहा मिनिटं लावतात, काही दिसत नाही म्हणून काढतात, पुन्हा लावतात. तसं करू नका. एकदा लावा आणि एक तास हात लावू नका. फक्त फोन डोळ्यांसमोर राहू द्या. हाताला चटका बसेल इतका तापला तर लगेच काढा.

तीन-चारशे रुपयांना छोटा यूएसबी मीटर मिळतो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. घरात तीन-चार फोन असतील तर जरूर घ्या. आकडा सतत शून्य असेल तर वीज आतच जात नाही, म्हणजे दोष केबल, पोर्ट किंवा पोर्टपुढच्या आतल्या पट्टीत. थोडासा करंट दाखवून हळूहळू वाढत गेला तर बॅटरी जागी होतेय, राहू द्या. काही सेकंद चढून पुन्हा शून्य, पुन्हा चढून शून्य असं चालू राहिलं तर फोन चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि कोसळतोय. तिथे बॅटरीवर संशय घ्या.

बॅटरी म्हातारी झाली असेल तर

३० टक्के दाखवत असताना फोन का विझतो, हे मला फार लोक विचारतात. बॅटरी जुनी झाली की तिच्यात साठा कमी मावतो, शिवाय तिचा आतला रोधही वाढतो. कॅमेरा उघडला किंवा फोन चालू होतानाचा मोठा भार आला की व्होल्टेज क्षणभर एकदम खाली बसतं आणि फोन कोसळतो. टक्के आहेत, पण जोर नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनेच जाहीर केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनी त्यांचा वेग कमी करते. तो याच दुखण्यावरचा उपाय होता.

थंडीत हा रोध आणखी वाढतो. निफाडचा पारा जानेवारीत कुठल्या कुठे उतरतो ते नाशिककरांना सांगायला नको. तिथले एक बागायतदार काका पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जायचे, तेव्हा फोन चाळीस टक्क्यांवर बंद पडायचा. घरी येऊन चुलीजवळ बसले की पुन्हा चालू. एका दुकानात त्यांना बोर्ड, म्हणजे फोनचं मुख्य सर्किट, गेल्याचं सांगितलं होतं, आणि नवा फोन घ्यायच्या बेतात ते आले. बॅटरी बदलली आणि पुढचा अख्खा हिवाळा तो फोन बागेत चालला. थंडीत बंद आणि उबेत चालू असं होत असेल तर बोर्डाआधी बॅटरी बदलून बघा.

एक साधी परीक्षा: चार्जरला लावलेला असताना चालू राहतो आणि काढताच मरतो, तर बहुतेक बॅटरीच. मग चार्जरला लावूनच आधी फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सॲपचा बॅकअप काढून घ्या आणि नंतर दुकानात द्या. चिकटवलेली बॅटरी घरी काढायचा प्रयत्न करू नका. ती खालून उचकटताना वाकते, वाकली की आतले थर फाटतात, आणि माझ्या टेबलावर असलेली वाळूची बादली तुमच्या घरी नसते.

लोगोवर अडकलेला फोन

जुन्या फोनमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे गच्च भरलेली मेमरी. चालू होताना अँड्रॉइडला तात्पुरत्या फायली लिहायला थोडी जागा लागते. ती नसेल तर तो लोगोवरच फिरत राहतो. ‘स्टोरेज भरलं आहे’ ही सूचना महिनाभर येत होती का, आठवून बघा. दुसरं कारण अर्धवट झालेलं अपडेट. तिसरं, मेमरीची चिपच झिजलेली. तिच्यावर लिहायला मर्यादा असते आणि सहा वर्षांत स्वस्त फोनची चिप थकते.

आधी अर्धा-एक तास चार्जरला लावून लोगोवर तसाच राहू द्या. अपडेटनंतरची पहिली सुरुवात जुन्या फोनला फार वेळ घेते. नाही झालं तर सेफ मोड: लोगो दिसला की आवाज कमी करायचं बटण धरून ठेवा. बऱ्याच फोनना हे लागू पडतं. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे एखादं ॲप अडवत असेल तर फोन उघडतो. उघडला की काही पुसायच्या आधी फोटो बाहेर काढा.

पुढची पायरी रिकव्हरी, म्हणजे फोन नेहमीसारखा चालू न होता उघडणारा दुरुस्तीचा पडदा. फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की बहुतेक अँड्रॉइडमध्ये ती उघडते. काही फोनना त्या वेळी केबलने कॉम्प्युटरला जोडलेलं लागतं. तिथे ‘वाइप कॅशे पार्टिशन’ (तात्पुरत्या फायली पुसणं) हा पर्याय असेल तर तो निवडायला हरकत नाही, त्याने तुमचा डेटा जात नाही. पण शब्द नीट वाचा. त्याच्या अगदी शेजारी ‘वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट’ असतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये कॅशेचा पर्यायच नसतो, फक्त ‘वाइप डेटा’ असतं, आणि लोक तेच कॅशे समजून दाबतात. आयफोन कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरीत नेला तर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोर’ असे दोन पर्याय येतात. ‘अपडेट’ने डेटा राहतो, ‘रिस्टोर’ने जातो.

इंदिरानगरच्या एक मावशी आल्या होत्या. फोन चालू होता, कोरा. वडिलांचे आवाजी मेसेज त्यात होते, वडील आदल्या वर्षी गेलेले. फोन लोगोवर अडकला म्हणून घरातल्या कुणीतरी प्रेमानेच रिसेट मारून दिला होता. बॅकअप नव्हता. मला काहीच करता आलं नाही, आणि ते त्यांना सांगताना फार जड गेलं. गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड असतो, आणि रिसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. नंतर कुणी “रिकव्हर करून देतो” म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

रिसेट करायचंच असेल तर दोन गोष्टी आधी ठरवा: आतलं काहीच नको आहे का, आणि त्या फोनवरच्या गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरीतून रिसेट केलेला फोन जुनंच खातं मागतो. ते नसेल तर फोन चालू होऊनही वापरता येत नाही.

इथे थांबा

यानंतरचं घरी करू नका. फोन पाण्यात पडला असेल तर वरचंही काही करू नका. बंद करा, चार्जर लावू नका, त्याच दिवशी आणा. तांदळात ठेवल्याने आत बोर्डावर बसवलेल्या पत्र्याच्या खालचं पाणी निघत नाही. दोन दिवस तांदळात राहिलेल्या फोनच्या बोर्डावर कार्बन चढलेला मी सारखा बघतो. पावसाळ्यात त्र्यंबकला जाऊन आलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

बोर्डाचा दोष आम्ही डीसी मशीनवर बघतो. बॅटरीच्या जागी मशीनमधून चार व्होल्ट द्यायचे. बटण दाबायच्या आधी करंट शून्य हवा. न दाबताच चढला तर शॉर्टिंग. मग बोर्डावर राळेच्या धुराचा पांढरा थर बसवतो आणि अगदी कमी व्होल्टेज देतो. जो भाग शॉर्ट असतो तो गरम होतो आणि त्याच्यावरची राळ वितळून तेवढाच एक ठिपका पारदर्शक होतो. खसखशीच्या दाण्याएवढा कपॅसिटर असतो तो. काढून टाकला की कित्येकदा फोन लगेच उठतो. बटण दाबल्यावर करंट थोडा चढून तिथेच गोठला तर मात्र प्रोसेसर किंवा मेमरीकडे जावं लागतं. ते काम अवघड आहे आणि जुन्या फोनला दर वेळी परवडत नाही. डेटाची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते, त्यामुळे नुसती मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवून फोटो मिळत नाहीत. बोर्ड तापवून फोन चालू करून दिला असेल, तर तो चार दिवस चालेल किंवा चार तास. मिळाल्याबरोबर बॅकअप काढा, आणि त्याच दिवशी.

दुकानात येताना चार्जर आणि केबल घेऊन या, कधी पडला-भिजला होता ते खरं सांगा, आणि पहिलंच वाक्य हे म्हणा: “मला डेटा हवा आहे” किंवा “डेटा गेला तरी चालेल.” हवा असेल तर ते पावतीवर लिहून घ्या. काही फोनमध्ये डेटा न पुसता सॉफ्टवेअर मारता येतं, तेही विचारा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घरीच ठेवा. पिन कुणाला देऊ नका. फोन चालू झाला की समोर उभं राहून स्वतः टाका.